वाळूला दाखवलेलं ऊन

एक कोडं घालते. उत्तरही लगेच सांगणार आहे, कारण उत्तर राखून ठेवलं की काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे.

असं एक घड्याळ आहे, की त्याला काटे नाहीत, सेल नाही, टिकटिक नाही. ते चिमटीत मावतं आणि फुंकर मारली तर उडून जातं. पण एकदा सुरू झालं की हजारो वर्षं चालत राहतं. सांगा पाहू, कोणतं?

वाळूचा कण. हसू नका, खरंच सांगते. तो कण वेळ कसा मोजतो आणि त्याची वेळ कशानं पुसली जाते, हे मला सहावीत असताना कळलं. पण तेव्हा कळून काही उपयोग उरला नव्हता.

आमचं गाव बेहडटोला. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि मधोमध तळं. आम्ही कोहळी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारी माणसं. तळ्याचं पाणी अडवून धरणारा जो लांबलचक मातीचा बांध असतो, त्याला आमच्याकडे पाळ म्हणतात. माझे बाबा गावचे पाणकर होते. कोणाच्या बांधीत किती पाणी सोडायचं ते पाणकर ठरवतो, आणि पाळीला उंदराचं बीळ जरी पडलं तरी त्याची झोप उडते. बाबा रोज सकाळी अनवाणी पाळीवरून चालत जायचे. चपलेतून पाळीचं दुखणं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

साल होतं दोन हजार चौपन्न. नदीवर खाली एक प्रचंड धरण बांधून झालं होतं. त्याची भिंत आणखी तीन मीटर उंच करायची असं ठरत होतं. ती उंच झाली असती, तर आमचं गाव, धानाच्या बांध्या आणि तळं, सगळंच पाण्याखाली जाणार होतं. वाचायची एकच वाट होती. त्या काळी नवा कायदा आला होता, की पाचशे वर्षांहून जुनं आणि अजून वापरात असलेलं तळं बुडवायचं नाही. आमचं तळं तेवढं जुनं आहे हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. पण सरकारी कागदावर तळ्याचं वय लिहिलं होतं एकशेऐंशी वर्षं. धरणाचं ठरवणाऱ्या सरकारी समितीनं सांगितलं, गाव म्हणतं हा पुरावा होत नाही, वीस सप्टेंबरच्या आत पुरावा आणा.

म्हणून डॉक्टर वृंदा घाटपांडे आमच्या गावात आल्या. पुरातत्त्वशास्त्र, म्हणजे जमिनीत गाडलेल्या वस्तूंवरून जुन्या माणसांचा माग काढायचा, हे त्यांचं काम. वय पासष्ट, केस पांढरेशुभ्र आणि हातात सतत एखादा दगड नाहीतर खापराचा तुकडा. त्यांच्याबरोबर सहा पायांचा, शेळीएवढा एक यंत्रमानव होता. तो खणायला मदत करायचा आणि दिसेल ते टिपून ठेवायचा, म्हणून बाईंनी त्याचं नाव टिपणीस ठेवलं होतं. टिपणीस खोटं बोलायचा नाही, अंदाज बांधायचा नाही आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचा. दर दोन वाक्यांनंतर म्हणायचा, "नोंद करू?"

मी पहिल्याच दिवसापासून त्या दोघांच्या मागे शेपटासारखी फिरायला लागले.

परवानगीचा कागद इतका उशिरा आला की तोवर तळं काठोकाठ भरलं होतं. भरल्या तळ्याची पाळ खणायची म्हणजे विस्तवाशी खेळ. बाबांनी एकाच अटीवर होकार दिला. एकच अरुंद चर, तोही पाण्याच्या उलट्या अंगानं, सकाळी खणायचा आणि संध्याकाळच्या आत बुजवून ठोकून काढायचा.

"पाळीचं वय मले इचारू नका, मॅडम," बाबा म्हणाले. "माह्या आज्याच्या आज्याले बी ठावं नव्हतं. पन तिची तब्येत मले ठावं आहे. सांज व्हायच्या आत तिचं पोट शिवून द्या."

चर खणला गेला आणि आत मातीचे पट्टे दिसायला लागले. काळी माती, तिच्यावर बोटभर पिवळी वाळू, पुन्हा काळी माती, पुन्हा वाळू. घरात गोधड्यांची चळत असते ना, तसंच दिसत होतं.

"चळतीत सगळ्यात आधी कुठली गोधडी ठेवलेली असते?" बाईंनी मला विचारलं.

"सगळ्यात खालची."

"बस्स. अर्धं पुरातत्त्वशास्त्र आलं तुला. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. आपल्याला हवी आहे सगळ्यात खालची गोधडी."

खालच्या थरात कोळशाचा एक तुकडा सापडला. मी उडीच मारली, कारण कोळशावरून वय काढतात हे मी शाळेत ऐकलं होतं. बाईंनी ते नीट समजावून दिलं. झाडं हवेतला कार्बन घेतात. त्यात थोडासा कार्बन-चौदा (कार्बनचाच एक प्रकार, जो हळूहळू आपोआप नाहीसा होत जातो) असतो. झाड जिवंत आहे तोवर तो कमी झाला तरी हवेतून भरून निघतो. झाड मेलं की भरती थांबते आणि नुसती घट सुरू होते. सुमारे पाच हजार सातशे तीस वर्षांत तो निम्मा उरतो, तेवढ्याच आणखी वर्षांत त्याच्याही निम्मा. म्हणून किती उरला ते मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं.

"मग झालं की आपलं काम!" मी म्हणाले.

"नाही ना झालं. हा कोळसा झाडाचं वय सांगेल, पाळीचं नाही. समजा, हजार वर्षांपूर्वी कोणी इथे चूल पेटवली. पुढे कधीतरी पाळ बांधणाऱ्यांनी तीच माती टोपलीत भरून इथे आणून टाकली. कोळसा जुना, पाळ नवी. समिती मला हाच प्रश्न विचारणार, आणि तिचं बरोबर असेल."

मग त्यांनी चरावर जाड काळी ताडपत्री ओढली, आत लाल दिवा लावला आणि वाळूच्या पट्ट्यांत हातभर लांबीच्या सात काळ्या नळ्या ठोकल्या. वाळूनं भरलेल्या नळ्या बाहेर काढून दोन्ही तोंडांना काळी झाकणं लावली. बाहेर पाऊस भुरभुरत होता. मला वाटलं, ताडपत्री पावसासाठी आहे.

सांज व्हायच्या आत बाबांनी आणि गावातल्या चाळीस माणसांनी चर बुजवून, ठोकून, पाळ पहिल्यासारखी करून टाकली.

त्या नळ्या तपासायला फिरती प्रयोगशाळा हवी होती. ती मोठी गाडी नदीपलीकडे चिखलात अडकून पडली होती. बाई ती आणायला निघाल्या. टिपणीसचे पाय चिखलात रुतत, म्हणून तो शाळेच्या ओसरीवरच थांबला. नळ्यांची पेटी बाईंनी शाळेतल्या कपाटात ठेवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. सबंध गावात माझ्याच हातात! माझी छाती फुगून मडक्याएवढी झाली.

"मैथिली, जिवापाड जप. उघडायची नाही," त्या म्हणाल्या. आणि मग डोळे बारीक करून हसल्या. "तोवर एक कोडं सोडव. या नळ्यांमध्ये घड्याळ आहे. पाळ बांधली त्या दिवशी ते सुरू झालं, अजून चालू आहे. ते कशानं चालतं आणि कशानं बिघडतं? मी परत आले की उत्तर सांगेन. आधी तू डोकं चालव."

दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही, डोकं चालवलं.

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. भिंतींना ओल आली, पुस्तकांची पानं चिकटली, चामडी चपलांवर हिरवी बुरशी चढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कपाट उघडून पाहिलं, तर पेटीवर पाण्याचे थेंब साचले होते. कुबट वास येत होता. झाकणाच्या कडेलाही ओल होती.

आणि मला एकदम बाबांचं मनगटी घड्याळ आठवलं. मागच्या भादव्यात त्याच्यात पाणी शिरून ते बंद पडलं होतं. आईनं त्याची पाठ उघडून त्याला दिवसभर ऊन दाखवलं आणि ते पुन्हा चालू झालं. आमच्या घरी ज्याची काळजी त्याला ऊन दाखवायचं, हा आईचा नेमच होता. चिंच, तांदूळ, गोधड्या, माझी वह्या-पुस्तकं, ढग फाटला की सगळं अंगणात. "ऊन नाई दाखवलं त बुरशी लागते, पोरी," ती म्हणायची. "वस्तू ठेवून भागत नाई, तिले ऊन-वारा दाखवा लागते."

मी ओसरीवर गेले.

"टिपणीस, नळ्यांतल्या वाळूत ओल आहे का?"

"आहे. शेकडा सतरा."

"ओलीनं घड्याळ बिघडतं का?"

"मनगटी घड्याळ ओलीनं बिघडतं. नोंद करू?"

मला कोड्याचं उत्तर मिळालं होतं. बाईंना यायला अजून एक दिवस होता, आणि तोवर सात घड्याळं सडणार होती.

"ऊन कधी पडेल?"

"उद्या सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. सुमारे सहा तास टिकेल."

टिपणीसचा हवामानाचा आकडा कधी चुकत नसे. दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला लख्ख ऊन पडलं. मी शाळेच्या अंगणात आईची धुवट पांढरी साडी अंथरली, सातही नळ्या उघडल्या आणि सात ढीग घातले. उघडायची नाही असं बाई म्हणाल्या होत्या, ते मला आठवत होतं. पण बाई निघाल्या तेव्हा पेटीवर थेंब कुठे होते? त्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. प्रत्येक ढिगाशी नळीच्या क्रमांकाची चिठ्ठी ठेवली, म्हणजे सरमिसळ नको. ओलसर वाळूच्या गुठळ्या झाल्या होत्या, त्या एकेक करून बोटांनी फोडल्या. आई धान उलटते तशी दर अर्ध्या तासानं वाळू उलटत राहिले. कोंबड्या हाकलल्या. दुपारी कोरडी ठणठणीत वाळू ज्या त्या नळीत परत भरली. एक कण सांडला नाही. इतकं नीटनेटकं काम मी जन्मात केलं नव्हतं.

चार वाजता फिरत्या प्रयोगशाळेचा भोंगा वाजला. मी धावत सुटले.

"मॅडम, कोडं सुटलं! ओलीनं बिघडतं! पण मी बिघडू नाही दिलं. सगळी वाळू उन्हात वाळवली!"

बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, टिपणीसकडे पाहिलं.

"सात नळ्या उघडल्या," टिपणीस म्हणाला. "वेळ दहा बावन्न ते दोन अठ्ठावीस. नोंद केली आहे."

"तू तिला सांगितलं नाहीस?"

"मला विचारलं नव्हतं."

बाई शाळेच्या पायरीवर बसल्या. त्या रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि अगदी हळू आवाजात शिकवायला लागल्या.

"एक गळका नळ आहे. त्याच्याखाली रिकामी बादली ठेवली. नळातून तासाला तीन पेले पाणी गळतं. तू आलीस तेव्हा बादलीत बारा पेले होते. बादली कधी ठेवली?"

"चार तासांपूर्वी."

"बरोबर. आता वाळूचा कण म्हणजे बादली. जमिनीत सगळीकडे थोडा किरणोत्सार (काही पदार्थांतून आपोआप बाहेर पडणारे, डोळ्यांना न दिसणारे किरण) असतो. अगदी मंद. त्या किरणांमुळे कणाच्या आतले इलेक्ट्रॉन (अणूमधले अतिसूक्ष्म कण) जागेवरून ढकलले जातात, आणि कणामध्ये ज्या बारीकशा फटी असतात त्यांत अडकून पडतात. वर्षाला थोडे, दुसऱ्या वर्षी आणखी थोडे. थेंब थेंब. मातीत किरणोत्सार किती आहे ते मोजलं की नळ किती गळतो ते कळतं. आणि प्रयोगशाळेत त्या कणावर निळा प्रकाश सोडला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात आणि सुटताना कण मिणमिणतो. जास्त मिणमिणला म्हणजे बादली जास्त भरलेली. याला प्रदीप्ती-कालमापन (कणाच्या मिणमिणण्यावरून काळ मोजणं) म्हणतात."

"पण बादली पाळ बांधली तेव्हाच रिकामी होती, हे कशावरून?"

एवढा चांगला प्रश्न मी त्या महिन्यात विचारला नव्हता. बाईंचे डोळे भरून आले.

"तुझ्या लोकांनी वाळू नदीवरून टोपल्यांनी आणली, पाळीवर पातळ पसरली, पायांनी तुडवली. तेव्हा ती उघड्यावर होती. मग तिच्यावर मातीचा थर पडला आणि ती कायमची अंधारात गेली. उघड्यावर होती तोवर बादली रिकामी होत होती. अंधारात गेली आणि भरायला लागली."

"पन उघड्यावर बादली रिकामी कोन करते?" घाबरले की माझ्या तोंडी घरची बोली यायची.

बाई अंगणाकडे पाहत होत्या. आईची पांढरी साडी अजून तिथेच पसरलेली होती आणि तिच्यावर चारचं पिवळं ऊन पडलं होतं.

मला समजलं. शाळेत एखादी अवघड गोष्ट समजली की मला हसू यायचं. त्या दिवशी समजलं आणि मी पायरीवरच ओकले.

निळा प्रकाश टाकून जे बाई मोजणार होत्या, ते मी सूर्यासमोर ठेवून सांडून टाकलं होतं. शंभर वर्षांचे, पाचशे वर्षांचे, कोण जाणे, हजार वर्षांचेही थेंब असतील. पाच-दहा मिनिटं पुरली असती. मी साडेतीन तास दिले होते.

तरीही बाईंनी गाडीतल्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्यात सातही नळ्या तपासल्या. पडद्यावरची रेघ जमिनीला टेकून सपाट गेली. त्यांनी मला विचारलं, "एखादी अख्खी गुठळी राहिली आहे का गं? गुठळीच्या पोटात ऊन पोचत नाही. सुपारीएवढी असली तरी चालेल."

मी सगळ्या फोडल्या होत्या. एकही ठेवली नव्हती.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "उघडू नकोस एवढंच सांगितलं. का ते सांगितलं नाही. मला कोडी घालायची हौस ना." त्या मनापासून बोलत होत्या, पण त्यानं मला काडीचंही बरं वाटलं नाही. वाळू माझ्या हातांनी उलटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बाबांकडे गेल्या. मी दाराआड उभी होते. बाबांना सगळं आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. ते मला एक शब्द बोलले नव्हते.

"पुस्तोडे, आणखी एकच चर. हातभर रुंद. दोन तासांत बुजवू," बाई म्हणाल्या. "समितीची सुनावणी परवा आहे. माझी गाडी इथेच आहे. रात्रंदिवस मोजेन."

बाबा उठून पाळीवर गेले. आम्ही दोघी मागे. तळ्याचं पाणी पाळीच्या माथ्यापासून वीतभर खाली होतं. पाळीच्या पलीकडच्या अंगाला जिथे चर बुजवला होता, तिथे बाबांनी तळवा टेकवला. माती पाझरत होती. त्यांचा हात ओला झाला.

"गेल्या चरानंच तिले ताप भरला, मॅडम," ते म्हणाले. "आता कापली त रात काढत नाई. खाली तीनशे बांध्यांत धान उभं आहे. चाळीस घरं आहेत."

"पण पुरावा नसेल तर सगळंच जाईल हो."

"मले कळते ना." बाबांचा आवाज फाटला. "पाळ वाचवासाठी पाळ फोडू का मी?"

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. बाबा ओल्या हातानं तोंड पुसत तिथेच उकिडवे बसले. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सुनावणी शाळेतल्या मोठ्या पडद्यावर झाली. समितीतली माणसं सभ्य होती. त्यांनी बाईंचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "वाळू मी उन्हात घातली. मॅडमनी नाही. वाळूची काही चूक नाही, ती खरं सांगत होती." समितीतल्या एका बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. पण डोळे पुसून निकाल बदलत नसतो. पुरावा मिळाला नाही, मुदतवाढ देता येत नाही, भिंत उंच होईल. सगळं बारा मिनिटांत आटोपलं.

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल फार सांगवत नाही. धान कापलं गेलं, शेवटचं. घरांची कौलं उतरली, दारं-खिडक्या निघाल्या. नव्या वसाहतीत नळाला पाणी होतं, दिवे होते, सगळं होतं. तळं नव्हतं. बाबा पाणकर होते, तिथे ते कोणीच नव्हते. गावातल्या कोणी मला टोचून बोललं नाही. "लेकरू आहे," म्हणायचे. बाबा तर त्या विषयावर एकदाही बोलले नाहीत. बोलले असते, एक चपराक दिली असती, तर बरं झालं असतं. मी विज्ञानाचं पुस्तक ट्रंकेच्या तळाशी टाकलं आणि ठरवलं की पुन्हा कशालाच हात लावायचा नाही.

गाव रिकामं करायच्या शेवटच्या दिवशी डॉक्टर घाटपांडे आल्या. टिपणीस बरोबर होता. बाईंनी त्या सात नळ्या आणल्या होत्या. "ही तुमच्या पाळीची वाळू. माझ्याकडे ठेवायला मन होईना," त्या म्हणाल्या.

मी नळ्या हातात घेतल्या. महिनोन्‌महिने मी एकच वाक्य मनात घोळवत होते, की मी घड्याळ शून्यावर आणलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या वाक्याचं पुढचं टोक हाती आलं.

"मॅडम, बादली रिकामी झाली की नळ गळायचा थांबतो का?"

"नाही. नळ गळतच राहतो."

"मग आज ही वाळू उन्हात ठेवली आणि सूर्य मावळायच्या आत पुरली, तर आजपासून मोजायला लागेल ना? म्हणजे पुढे कोणी खणलं, तर बेहडटोल्यानं शेवटचं ऊन कधी पाहिलं ते त्यांना कळेल?"

"कळेल," बाई म्हणाल्या. "तारीख नाही कळणार. थोडंफार मागेपुढे होईल. पण कळेल."

आम्ही पाळीवर आईची तीच पांढरी साडी अंथरली. मी वाळू ओतली. गुठळ्यांना बोट लावायचा धीर होईना. तेवढ्यात बाबा अनवाणी चालत आले आणि माझ्या शेजारी बसले.

"गुठळ्या नीट फोड, पोरी," ते म्हणाले. "एक बी रायली नाई पायजे."

मग ते स्वतः वाळू उलटायला लागले. मी वाळूत तोंड खुपसून रडले आणि बाबांनी रडू दिलं. दिवसभर आम्ही दोघांनी वाळूला ऊन दाखवलं. आईनं एक जाड भाजलेलं मडकं आणलं. ऊन कलल्यावर वाळू त्यात भरली, तोंड मातीनं लिंपलं आणि पाळीच्या पायथ्याशी कंबरभर खड्ड्यात ठेवलं.

आमच्याच घराचं एक कौल मी आणलं होतं. मडक्यावर ते झाकायचं होतं. खिळ्यानं त्यावर कोरलं, "आधी अंधार करा, मगच उघडा."

"पुरे आहे तेवढं," बाई म्हणाल्या. "कौल लहान आहे."

"नाही पुरत," मी म्हणाले, आणि खाली बारीक अक्षरात 'का' तेही लिहिलं. "ऊन लागलं तर आम्ही कधी गेलो ते पुसलं जाईल." तेव्हाच्या माणसांना आपली अक्षरं वाचता येतील की नाही कोण जाणे, म्हणून शेजारी एक सूर्य काढला आणि त्यावर फुली मारली. बाईंनी माझ्या हातातला खिळा घेतला आणि फुली जरा खोल कोरली.

"नोंद करू?" टिपणीसनं विचारलं.

"कर," बाबा म्हणाले. "मैथिलीनं केलं म्हून लिव."

जुलैत पाणी आलं. आता त्या जागेवर दीड पुरुष खोल पाणी आहे आणि वरून यांत्रिक होड्या जातात. मी अशाच एका अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्यात, दुसऱ्यांच्या गावांची वाळू मोजते. शाळेतली मुलं प्रयोगशाळा बघायला येतात तेव्हा विचारतात, तुमचं तळं किती वर्षांचं होतं हो? मी खरं ते सांगते. माहीत नाही, आणि आता कोणालाच कधी कळणार नाही. मग दार लावायच्या आधी, दिवा घालवायच्या आधी, मी त्यांना का ते सांगते.

मडक्यातलं घड्याळ चालू आहे. आज त्याला एकतीस वर्षं झाली.